देवीची लस: गाय की घोडा?

देवीची लस गाईपासून आली, हे शाळेत घोकलेलं. पण लसीतला व्हॅक्सिनिया विषाणू गाईच्या देवीच्या विषाणूशी नीट जुळतच नाही! मग तो आला कुठून? २०१७ साली संशोधकांनी अमेरिकेतल्या मलफर्ड कंपनीच्या १९०२च्या लसीतला डीएनए वाचून काढला. जनुकसंचाचा मधला गाभा १९७६ साली मंगोलियातल्या आजारी घोड्यात सापडलेल्या विषाणूशी ९९.७ टक्के जुळला. टोकांचे तुकडे मात्र गळालेले, अगदी नंतरच्या लसवाणांसारखे. म्हणजे घोड्याचा विषाणू लसीत रुळत चाललेला. सगळ्याच लसी घोड्याच्या, असा याचा अर्थ नव्हे. पण गाईंना त्यांची देवी घोड्यांकडून येते, असं देवीची लस आणणाऱ्या जेन्नरने १७९८मध्येच लिहिलं होतं. त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता.