अशुद्ध रक्त, निळ्या शिरा आणि एक लाख किलोमीटर

शरीरातील रक्त शुद्ध आणि अशुद्ध अशा दोन प्रकारचे असते आणि त्यांपैकी पहिले धमन्यांतून व दुसरे शिरांतून वाहते, ही समजूत शालेय पुस्तकांतील तांबड्या-निळ्या आकृत्यांपासूनच पक्की होत जाते. वस्तुतः धमनी कोणती आणि शीर कोणती, हे आतील रक्तावरून नव्हे तर प्रवाहाच्या दिशेवरून ठरते: हृदयापासून दूर जाणारी ती धमनी, हृदयाकडे परतणारी ती शीर. म्हणूनच फुप्फुस धमनीतून कमी ऑक्सिजन असलेले रक्त फुप्फुसांकडे जाते, तर ऑक्सिजनने समृद्ध झालेले रक्त हृदयाकडे आणणाऱ्या वाहिन्यांना फुप्फुस शिरा म्हणतात. गर्भाच्या नाळेतही ऑक्सिजन आणण्याचे काम शीरच करते.

शिरांतील रक्त टाकाऊ असते, हेही खरे नाही. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतील लोहयुक्त प्रथिन, धमन्यांत सुमारे ९७ ते ९८ टक्के भरलेले असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परततानाही ते साधारण ७५ टक्के भरलेलेच असते. श्रमाच्या वेळी स्नायू याच शिलकीतून अधिक उचल करतात. जेवणानंतर आतड्यांकडून यकृताकडे जाणारे शिरेतील रक्त तर नुकत्याच शोषलेल्या साखरेने आणि अमिनो आम्लांनी संपन्न असते. तरीही ‘अशुद्ध रक्ता’च्या कल्पनेवर रक्तशुद्धीच्या काढ्यांचा व्यापार उभा आहे आणि तारुण्यपीटिकांचा दोषही रक्तावरच ढकलला जातो, जरी त्यांचे मूळ त्वचेतील तैलग्रंथी, संप्रेरके आणि तेथील जिवाणू यांत असते. रक्त गाळण्याचे काम मूत्रपिंडे अखंड करतात: दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातील जवळजवळ सर्व ती रक्तात परत घेतात आणि जेमतेम दीड लिटर मूत्र म्हणून बाहेर टाकतात. बाटलीतील काढ्यासाठी यात फारसे काम उरत नाही.

शिरांतले रक्त निळे असते आणि हवा लागताच लाल होते, या समजुतीचे खंडन तपासणीसाठी रक्त घेताना सहज होते, कारण निर्वात नळीत हवेचा स्पर्श न होताही ते गडद लालच दिसते. निळेपणा त्वचेतून होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्याचा आहे. तांबडा प्रकाश खोलवर जाऊन शिरेतील रक्तात बराचसा शोषला जातो, निळा मात्र वरच्या थरांतूनच परत फिरतो.

रक्त अन्नापासून यकृतात तयार होते आणि अवयवांत खर्ची पडते, हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनचे मत युरोपात शतकानुशतके प्रमाण मानले जात होते. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त पुढे ढकलते तेवढे संपूर्ण शरीरातही नसते, मग ते फिरून परत आलेच पाहिजे, असे साधे गणित मांडून इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने १६२८ मध्ये ते मोडून काढले. बीट खाल्ल्याने रक्त वाढते, या घरगुती खात्रीत गेलेनची छाया अजून दिसते. बिटाचा रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असून हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध नाही, आणि तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होऊन सुमारे १२० दिवस जगतात. पायांतील रक्त वर खेचणारे एकटे हृदयच, हाही असाच भ्रम आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबतात आणि शिरांतील झडपा रक्ताला माघारी फिरू देत नाहीत, म्हणून हालचाल न करता तासन्‌तास उभे राहिल्यावर पाय सुजतात.

रक्तवाहिन्यांची एकूण लांबी एक लाख किलोमीटर असल्याचे वाक्य तर लेखोलेखी आढळते; पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा घालण्याचा मोह लेखकांना आवरत नसावा. या आकड्याचा उगम डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या १९२२ मधील पुस्तकात आहे. तो अंदाज केशवाहिन्यांचा, म्हणजे धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केसाहूनही बारीक नळ्यांचा होता, आणि त्यासाठी गृहीत धरलेल्या माणसाच्या अंगी एकट्या स्नायूंचेच वजन ५० किलो होते. अलीकडच्या फेरमांडणीत रक्तवाहिन्यांची एकूण लांबी ९,००० ते १९,००० किलोमीटरच्या दरम्यान येते.