फुरसत आणि कर्करोग

वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कर्करोगाचे निदान झाले की त्याच्या रक्ताची, यकृताची, मूत्रपिंडांची बारकाईने नोंद ठेवली जाते. मात्र त्याचे भजनी मंडळ किंवा संध्याकाळचा पत्त्यांचा डाव कधी सुटला, हे बहुधा कोणी टिपून ठेवत नाही. याचे एक कारण मोजमापाच्या रूढ पद्धतीत आहे. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेल्या दैनंदिन क्रियांच्या निर्देशांकात आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि हाताने जेवणे या सहाच बाबी होत्या. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ साली त्याला खरेदी, स्वयंपाक, औषधे, पैशांचा हिशेब अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांची जोड दिली, तेव्हा वृद्ध माणूस स्वतंत्रपणे राहू शकेल का याचा अंदाज येऊ लागला. राहून तो दिवसभर काय करील, हा प्रश्न मात्र दोन्ही याद्यांबाहेरच राहिला.

वास्तविक गळती तिथूनच सुरू होते, कारण आंघोळ चुकवता येत नाही, कट्ट्यावर जाणे चुकवता येते. झोपेनेही न जाणारा थकवा हे त्याचे सर्वांत परिचित कारण असले, तरी इतर कारणे अधिक नेमकी असतात: पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांनी हातापायांच्या नसांना इजा होऊन बोटे बधिर झाली की सुईत दोरा ओवणे किंवा पत्ते पिसणे जमेनासे होते, सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी झाले तर भजनातला सूर हरवतो आणि प्रोस्टेटच्या उपचारांनंतर वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर स्वच्छतागृह नसलेल्या बागेत माणूस फिरकतच नाही. ही कारणे तो संकोचाने सांगत नाही आणि घरच्यांना ती निव्वळ उदासी वाटते.

त्यातच ‘आता काही करू नका, नुसता आराम करा’ हा प्रेमळ हुकूम सुटतो. अमेरिकेत निरोगी वृद्धांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अवघ्या १० दिवसांच्या अंथरुणावरील विश्रांतीने पायांतील मेदविरहित, म्हणजे मुख्यतः स्नायूंचे, वजन जवळपास एक किलोने घटले होते. आजाराने आधीच खंगलेल्या शरीराला ही किंमत अधिकच जड जाते. अर्थात, कर्करोग हाडांत पसरला असेल किंवा केमोथेरपीने पांढऱ्या पेशी खाली गेल्या असतील, तर ओझे उचलणे आणि बागेतली माती उकरणे यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे भागच असते.

मराठी घरांत आणखी एक पेच असा की काम आणि विरंगुळा यांची वाटणी तितकीशी स्पष्ट नसते. दुपारी शेजारणीशी बोलत मेथी निवडणाऱ्या आजींच्या हातून ती जुडी काढून घेतली, तर त्यांचे काम वाचते हे खरे. पण त्या निमित्ताने घडणारी दिवसातली एकमेव बैठकही मोडते आणि ती भरून काढण्यासाठी पुढ्यात लावून दिलेला टीव्ही त्यांना काहीच विचारत नाही.