राउटरमध्ये अनोळखी पत्ते दिसतात? घाबरण्याआधी हे वाचा

वायफायचा पासवर्ड बदलण्यासाठी राउटरचे सेटिंग उघडले आणि ‘राउटिंग टेबल’मध्ये आपण कधीच न टाकलेले आकडे दिसले, की पहिली शंका येते ती हॅकिंगची. पुसेगाव असो वा पुणे, घरोघरच्या राउटरमध्ये हा तक्ता साधारण सारखाच असतो. त्यातील बहुतेक नोंदी राउटर स्वतःच तयार करतो.

तक्ता काय सांगतो?
कोणत्या पत्त्याची माहिती कुठे पाठवायची, एवढेच. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावचे टपाल डोळ्यांसमोर आणा. गावातले पत्र गावात वाटायचे, बाकीचे पुढच्या कार्यालयाकडे सोपवायचे. राउटरही तेच करतो. दोन नोंदी जुळल्या, तर अधिक नेमकी नोंद निवडतो.

कोणती नोंद कशाची?
• ०.०.०.० : ‘बाकी सगळे इकडे’. ही नोंद काढली, तर इंटरनेट बंद.
• १९२.१६८.१.० : घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप.
• १२७.०.०.० : राउटर स्वतःच.
• २२४.०.०.० किंवा २३९ने सुरू होणारे : एकाच वेळी अनेक उपकरणांना पाठवायची माहिती, उदा. इंटरनेटवरील टीव्ही.
• १०ने सुरू होणारे : अनेकदा कंपनीची फोनसेवा किंवा देखभालीचा मार्ग.
• १००.६४ ते १००.१२७ : कंपनीने अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटल्याची खूण. आयपीव्ही४चे पत्ते सुमारे ४३० कोटीच. ते अपुरे पडू लागल्याने २०१२मध्ये ही मालिका राखून ठेवली गेली. अशा जोडणीवर दुकानातील सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडत नाही.

सावध कधी व्हायचे?
‘स्टॅटिक’ प्रकारची नोंद असेल आणि ती तुम्ही किंवा कंपनीने टाकलेली नसेल, तर चौकशी करा. मात्र मोठा धोका या तक्त्याबाहेर, ‘डीएनएस’च्या रकान्यात असतो. तो बदलला, की बँकेचा पत्ता बरोबर टाकूनही बनावट पान उघडू शकते. २०११मध्ये उघड झालेल्या ‘डीएनएसचेंजर’ने १००हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांना असेच फसवले होते.

काय कराल?
• नोंदी पुसू नका. फोटो काढून कंपनीला विचारा.
• राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, ‘रिमोट मॅनेजमेंट’ गरज नसेल तर बंद ठेवा.
• बँकेच्या पानावर सुरक्षेचा इशारा आला, तर पुढे जाऊ नका.
• पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.