सेकंडहँड विमान, फर्स्टक्लास गमती

जुन्या ‘किंग एअर २००’च्या अमेरिकी जाहिरातीत सीट किती लिहिल्यात ते बघा आणि मग शेवटची सीट कोणती ते हळूच विचारा. बऱ्याचदा ती टॉयलेटची निघते! कमोडवर गादी, गादीला पट्टा, आणि टेकऑफच्या वेळी तिथे माणूस बसवायला कायद्याची ना नाही. कंपनीत नवा लागलेला पोरगा कुठे बसत असेल, ते सांगायला नको. बाकी केबिनची उंची १.४५ मीटर, त्यामुळे आत शिरताना मालकही वाकतो आणि अकाउंटंटही.

विमान कितव्या सालचं, हा नवख्याचा प्रश्न. मुरलेलं गिऱ्हाईक विचारतं, इंजिनांचे तास किती उरले? या विमानाच्या पीटी-६ इंजिनाचा ओव्हरहॉल साधारण ३,६०० तासांनी येतो आणि निम्म्यावर आतल्या गरम भागाची तपासणी. इंजिनं दोन, म्हणजे बिलंही दोन, आणि एकेक बिल काही लाख डॉलरचं.

‘फारसं उडालेलंच नाही हो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून तर चार हात लांबच राहावं. चाकांच्या यंत्रणेला कॅलेंडरही लागू असतं. विमान हँगरमध्ये नुसतं झोपून राहिलं, तरी सहा वर्षांनी तिचा ओव्हरहॉल चुकत नाही. पंख धरून ठेवणारे बोल्टही पाच वर्षांनी तपासायचे.

पीटी-६ची तऱ्हाच उलटी. हवा मागून आत घेतं आणि धूर पुढून, पंख्याजवळच्या दोन नळकांड्यांतून सोडतं. पंखा फिरवणारं टर्बाइन बाकी इंजिनाला दांड्याने जोडलेलंच नाही, मधे फक्त गरम वायूचा झोत. म्हणून उभ्या विमानाचा पंखा साध्या वाऱ्यानेही फिरतो, आणि तेलाच्या दाबाशिवाय फिरून बेअरिंग झिजू नये म्हणून तो पट्ट्याने बांधतात. बघायला गेलात आणि पट्टा कुठे दिसला नाही, तर मालकाची शिस्त कळली म्हणून समजा.

याच इंजिनाचा भाऊबंद १९६७ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत मोटारीत बसवला होता. पार्नेली जोन्सने मैदान मारलंच होतं, पण २०० पैकी शेवटचे तीनेक फेरे उरले असताना गिअरबॉक्समधलं एक किरकोळ बेअरिंग गेलं आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

किंग एअर २००चं कमाल वजन ५,६७० किलो, अगदी हिशेबाने ठेवलेलं. या रेषेच्या आत अमेरिकेत वैमानिकाला त्या मॉडेलचं वेगळं रेटिंग घ्यावं लागत नाही. थोरलं ‘३५०’ रेषा ओलांडतं, तिथे ते लागतं.

किंग एअर १९६४ मध्ये आलं, तेव्हा विचिटाच्या बीच एअरक्राफ्टच्या प्रमुख होत्या ऑलिव्ह ॲन बीच. या धंद्यात त्या आल्या सेक्रेटरी आणि हिशेबनीस म्हणून; पती वॉल्टर १९५० मध्ये वारल्यावर कंपनी त्यांनी हाती घेतली. हिशेबनीस बाईंचं हे विमान आजही कागदांवरच विकलं जातं. लॉगबुकं हरवली, की किंमत दाणकन खाली येते. मालकी आणि कर्जाची नोंद तपासायला सगळे गाठतात ओक्लाहोमा सिटी, कारण अमेरिकेची विमान-नोंदणी तिथे असते.

दोन विमानांत अडलात, तर रंग उडालेलं पण इंजिनं ताजी असलेलं घ्या. रंग नंतरही देता येतो.