भाषेआधी सवय : संगणकाच्या कारागिरांकडून आपण काय शिकावे?

लोअर परळच्या ज्या गिरण्यांत एके काळी तीन पाळ्यांत कापड निघत असे, त्यांच्या आवारात आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि थांबलेले साचे अनेक ठिकाणी पुन्हा फिरलेच नाहीत. कमला मिलसारख्या आवारांत आता कार्यालये आहेत आणि संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मुले या भागात मोठ्या संख्येने कामाला येतात. ही मुले संध्याकाळी किंवा शनिवारी एकत्र जमतात आणि आपल्यापैकीच एखाद्या अनुभवी माणसाचे व्याख्यान ऐकतात. विषय बहुधा दोन असतात : प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा, आणि काम करण्याची सवय कशी असावी.

आमचा भाचा याच धंद्यात आहे. "मामू, एकदा येऊन तर बघा," असे तो कैक दिवस म्हणत होता. आमची तालीम उर्दू माध्यमाची, उमर ताग्यांचा हिशेब करण्यात गेलेली. तिथे आम्हाला काय कळणार, असे वाटत होते. तरी गेलो. ऐकल्यावर ध्यानात आले की यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याच धंद्याच्या आहेत. आज लहान दुकानातही बिलाचा प्रोग्राम असतो आणि घराघरांत एखादे मूल कॉम्प्युटर शिकत असते. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी तो विषय सोप्या शब्दांत मांडत आहोत.

प्रोग्रामची भाषा म्हणजे काय?

संगणकाला दोनच खुणा कळतात. त्या १ आणि ० अशा लिहितात. जॅकार्डच्या साच्यावर काम केलेल्या विणकराला हे समजावून सांगावे लागत नाही. पुठ्ठ्याला भोक असेल तर ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. भोकांच्या अशा मांडणीतूनच कापडावर वेलबुट्टी उमटते. फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही पद्धत आणली. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेली कार्डे वापरून माणसांची मोजणी केली. म्हणजे संगणकाच्या खानदानात विणकर बसलेला आहे.

मुंबईतही सुरुवात भोकांनीच झाली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येथेच बांधलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्याला आज्ञा द्यायची तर १ आणि ० च्या रांगा कागदी पट्टीवर छिद्रांनी उठवाव्या लागत. एक भोक चुकले की सारा हिशेब चुकला.

हा जाच कमी व्हावा म्हणून भाषा निघाल्या. माणसाने वाचता येतील अशा शब्दांत लिहावे आणि दुसऱ्या एका प्रोग्रामने दुभाष्याचे काम करून ते यंत्राला सांगावे, अशी ही योजना आहे. १९५७ मध्ये गणितासाठी फोरट्रान आली. व्यापारी हिशेबासाठी कोबोलची आखणी १९५९ मध्ये सुरू झाली. १९७२ च्या सुमारास सी, १९९१ मध्ये पायथन आणि १९९५ मध्ये जावा आली.

यातली चांगली कोणती, यावर व्याख्यानात बरीच हुज्जत झाली. आम्हाला हसू आले. मलमल चांगली की जीन, असे कोणी विचारले तर आपण आधी विचारतो, शिवायचे काय आहे? भाषेचेही तसेच आहे. जावासारखी भाषा कडक आहे. कोणत्या खणात आकडा राहील आणि कोणत्या खणात नाव, हे आधी सांगावे लागते. सगळी मापे घेतल्याशिवाय कात्री न चालवणाऱ्या शिंप्यासारखी. पायथन सैल आहे. काम झटपट उभे राहते, पण एखादी चूक प्रोग्राम चालवल्यावरच बाहेर येते. मोठ्या बँकेचे काम आणि लहान दुकानाचे काम यांना एकच माप लागू पडत नाही.

इंग्रजीची धास्ती घेणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आजच्या पायथनमध्ये राखीव शब्द फक्त ३५ आहेत. एवढे शब्द उर्दू किंवा मराठी शाळेतले मूल आठवड्याभरात पाठ करील. पुस्तके आणि यंत्राने दाखवलेल्या चुका वाचण्यापुरती इंग्रजी लागतेच, पण ती काम करता करता येते.

आमचा स्वतःचा धडा

आता सवयीकडे वळू. २००८ मध्ये आम्ही एका होतकरू तरुणाकडून दुकानाचा बिलाचा प्रोग्राम करून घेतला. स्वस्तात झाला, चाललाही छान. तेव्हा आम्ही फक्त ताग्याचे कापड विकत होतो आणि आमच्या मालावर व्हॅट लागत नव्हता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि त्याच कापडावर ५ टक्के कर आला. प्रोग्राममध्ये कराचा रकानाच नव्हता. तो तरुण परदेशी निघून गेलेला, फोन बदललेला. दुसऱ्या जाणकाराला दाखवले. त्याने तीन दिवस डोके घातले आणि हात जोडले. बिलाचा हिशेब वीस-पंचवीस जागी वेगवेगळा लिहिलेला, कुठे काय आहे याची एक ओळही टिपलेली नव्हती. धंद्याच्या दिवसांत तीन आठवडे आम्ही हाताने बिले फाडली. दोष एकट्या त्या तरुणाचा नव्हता. आम्हीही त्याला दोनच प्रश्न विचारले होते : किती घेणार आणि केव्हा देणार?

पुढे आम्ही तयार कपडेही ठेवू लागलो आणि नवा प्रोग्राम करून घेतला. या वेळी कराचे दर आणि किमतीची मर्यादा एकाच तक्त्यात ठेवायला सांगितले. तेव्हा १,००० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादा २,५०० रुपये झाली आणि त्यापुढचा दर १८ टक्के झाला. आमच्या मुनीमजींनी चहा थंड होण्याआधी दोन आकडे बदलले आणि दुकान चालू राहिले. २०१७ चे तीन आठवडे आणि २०२५ ची पाच मिनिटे, यातला फरक भाषेचा नव्हता. तो सवयीचा होता.

चार सवयी

व्याख्यानात सांगितलेल्या सवयींपैकी चार आम्ही टिपून आणल्या.

पहिली : एक गोष्ट एकाच जागी लिहावी. दर बदलला तर एकच जागा बदलावी लागेल.

दुसरी : जुने पुसू नये. रोजमेळात आपण खाडाखोड करीत नाही, चुकीची नोंद दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करतो. प्रोग्रामसाठी असाच रोजमेळ ठेवणारे 'गिट' नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये केले. कोणी, केव्हा, काय बदलले ते त्यात राहते आणि बिघडले तर मागे जाता येते.

तिसरी : दुसऱ्याने तपासल्याशिवाय माल बाहेर जाऊ नये. गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासूनच पुढे जाई. इथेही एकाने लिहिलेले दुसरा वाचतो.

चौथी : पुढच्या पाळीचा माणूस येणार आहे, हे धरून लिहावे. साचा सोडताना कुठला धागा तुटतो ते चांगला विणकर पुढच्याला सांगून जातो. तसेच प्रोग्राममध्ये नावे सरळ ठेवावीत आणि अवघड जागी दोन ओळींची टीप लिहावी.

उस्तादांची व्याख्याने

या धंद्यातले मोठे उस्ताद आपली चूक भर सभेत सांगतात, हे आम्हाला फार भावले. ब्रिटनच्या टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका भाषेत 'कोऱ्या पत्त्या'ची सोय केली होती, कारण ती करणे सोपे होते. माल पाठवायचा आहे पण पत्त्याची जागा कोरी, अशी ही अवस्था. पुढे कितीतरी भाषांनी ती उचलली आणि असंख्य प्रोग्राम त्यामुळे बंद पडले. २००९ मध्ये लंडनच्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच ती आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचे सांगितले.

कोबोलच्या जडणघडणीत ज्यांच्या कामाचा मोठा वाटा होता, त्या अमेरिकेच्या ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत जवळपास एक फूट लांबीच्या तारा वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, वीज जास्तीत जास्त तेवढेच अंतर जाऊ शकते. आपल्या हिशेबाने एक वार म्हणजे सुमारे तीन नॅनोसेकंद. वेळ वाया घालवू नये, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला हातात माप देऊन शिकवण्याची ही रीत होती.

काम देताना काय विचारावे?

प्रोग्राम करून घेताना या गोष्टी आधी ठरवून कागदावर घ्याव्यात. मूळ लिखाणाची पूर्ण प्रत आपल्या ताब्यात राहील का? कराचे दर आपल्याला बदलता येतील का? आपला सारा हिशेब साध्या तक्त्यात बाहेर काढता येईल का? करणारा उद्या निघून गेला तर दुसऱ्याला वाचता येईल, अशी टिपणे मिळतील का? उत्तर टाळणाऱ्याला बयाणा देऊ नये.

मुलांना शिकवतानाही हेच पाहावे. माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झाली तेव्हा गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवणे हे तिचे मोठे काम होते. आज तिथे संगणकही शिकवतात. भायखळ्याचे साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय तर आपल्या घरचेच. पण क्लास कोणताही असो, तिथे कोणती भाषा शिकवतात एवढेच विचारून थांबू नये. दुसऱ्याचे लिखाण वाचायला लावतात का, चूक शोधायला बसवतात का, हे विचारावे. अशा व्याख्यानांना पुष्कळदा फी नसते. मुलाला, मुलीला तिथे पाठवावे आणि जमल्यास सोबत जावे.

भाषा दर काही वर्षांनी बदलतील. हाताला लागलेली चांगली सवय मात्र कोणत्याही भाषेत उपयोगी पडते. आपल्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. संगणकासमोर बसलेल्या आपल्या मुलांना ते आपणच सांगायला हवे.