वाळूने शेवटचा उजेड केव्हा पाहिला?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याच्या जाम नदीचे नाव दूरवर गेले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तिच्या काठी गेलो असता, दरडीत उघड्या पडलेल्या रेतीच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही रेती किती जुनी?" मी मराठीचा माणूस. तरी मुख्याध्यापकाने निरुत्तर होऊ नये, या खोट्या अभिमानापोटी मी सांगून टाकले, "येथला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे." रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की, मुलीने दगडाचे वय विचारलेच नव्हते. ती रेती त्या जागी येऊन केव्हा पडली, हे तिला हवे होते.

हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. आजोबांच्या सागवानी पेटीचे लाकूड किती जुने आणि ती पेटी माळ्यावर केव्हा टाकली, यांत जेवढा फरक, तेवढाच येथे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी एक विद्या गेल्या काही दशकांत सिद्ध झाली आहे. इंग्रजीत तिला ल्युमिनेसन्स म्हणतात. आपण दीप्ती म्हणू.

लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या घासून त्यांतला उजेड आपण पाहिलेला असेल. ती चमक घर्षणाची. येथे सांगायची ती निराळी. जमिनीत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे अंश सर्वत्र असतात. त्यांतून अखंड किरण निघतात आणि त्यांत आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांची थोडी भर पडते. या माऱ्याने गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणातील काही इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकातील उणिवांच्या फटींत अडकून बसतात. ठिबकत्या नळाखाली घागर ठेवावी, तसा हा संचय वाढत जातो. ऊन लागले की मात्र घागर पालथी होते. क्वार्ट्झच्या बाबतीत याला काही सेकंद ते काही मिनिटे पुरतात. पुराने वाहत आलेला कण उन्हात रिकामा होतो, त्यावर गाळ चढतो, अंधार होतो आणि पहिल्या थेंबापासून पुन्हा मोजणी सुरू होते.

प्रयोगशाळेत अशा कणांवर निळा प्रकाश सोडतात. फेल्डस्पार असल्यास अवरक्त. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना क्षीण प्रकाश देतात. तो मोजून एकंदर किती किरणमात्रा साठली, ते काढतात. समजा, ती 20 ग्रे भरली आणि त्या जागी हजार वर्षांत 2 ग्रे मिळत असतील, तर कण 10,000 वर्षे अंधारात आहे. हिशेब इयत्ता पाचवीचा, पण पथ्ये कडक. मातीतील ओल किरण शोषून घेते, तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. गढूळ पुरात काही कणांना पुरेसे ऊन मिळत नाही, ते जुनी शिल्लक घेऊनच गाडले जातात. म्हणून कधी एकेक कण स्वतंत्र तपासतात. नमुना तर लोखंडी नळी दरडीत ठोकून, तोंडे बंद करून आणायचा आणि मंद तांबड्या दिव्यातच उघडायचा.

या विद्येत आपला देश मागे नव्हता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. उन्हाने कोरे झालेल्या गाळाचे वय काढण्यासाठी प्रकाशच वापरण्याची युक्ती कॅनडातील संशोधकांनी 1985 मध्ये मांडली. त्याआधीच, 1982 मध्ये, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णतेने दीप्ती जागवून राजस्थानच्या वाळूच्या टेकड्यांची वये प्रसिद्ध केली होती. आपल्याच मध्य प्रदेशात, सीधी जिल्ह्यात शोण नदीच्या काठी ढाबा येथील थर फेल्डस्पारच्या दीप्तीने मोजले गेले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तेथे सुमारे 80,000 वर्षांपूर्वीपासूनची दगडी हत्यारे सापडतात. आणि सुमारे 74,000 वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा महास्फोट झाल्यावरही हत्यारे घडविणारा हात थांबलेला दिसत नाही.

ही घड्याळे चुकतही नाहीत असे नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. उल्काघातात वितळून झालेल्या काचेच्या उष्ण-दीप्तीवरून त्याचे वय सुमारे 52,000 वर्षे आले होते. 2011 मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने ते सुमारे 5,70,000 वर्षे निघाले. दहापटींहून अधिक अंतर! ज्वालामुखी खडकांतील फेल्डस्पारची घागर गळकी असते, हे अॅन विंटल यांनी 1973 मध्येच दाखविले होते. गळक्या घागरीवरून काढलेले वय कमीच येणार. लोणारच्या बाबतीत असेच काही घडले असणे शक्य आहे.

येथे आमच्या दोन गावांची गोष्ट निघते. पांढुर्ण्याभोवतीचा खडक त्याच ज्वालामुखी जातीचा, बेसाल्टचा. संत्र्यांच्या बागा पोसणारी काळी माती त्याचीच. तीत क्वार्ट्झ फारच थोडा, म्हणजे भरवशाची घागर दुर्मिळ. सौंसरकडे पाहावे तर मँगनीजच्या खाणींचा तो प्राचीन खडक, जगभरचे भूवैज्ञानिक ज्याला सौंसर समूह म्हणूनच ओळखतात. त्यात क्वार्ट्झ विपुल, आणि कन्हानच्या रेतीत तो चमकताना दिसतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला जाम उत्तर देताना अडखळेल. कन्हान बहुधा देईल.

पण कन्हानची रेती नागपूरपर्यंत घरे बांधायला जाते. मीही माझ्या घराला तीच वापरली, त्यामुळे दुसऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. ट्रॅक्टर पात्रातून थेट दरडीपर्यंत पोहोचतात. यंत्राचा एक घास निघाला की हजारो वर्षे अंधारात बसलेले कण भर दुपारच्या उन्हात सांडतात आणि ट्रॉली भरेपर्यंत कोरे झालेले असतात. दरड आणखी मागे सरली की तो थरही उरत नाही.

दिवाळीनंतर त्या मुलीला वर्गात उभे करून मी माझी चूक कबूल केली. तिने लगेच दुसरा प्रश्न केला, "मग सर, ती नळी दिवसा ठोकायची की रात्री?" दिवसाही चालते, दरडीचा बाहेरचा उन्हातला भाग खरवडून आणि नळीच्या दोन्ही टोकांची रेती टाकून दिली की झाले, असे मी सांगितले. या वेळी आधी वाचून आलो होतो.