गिळलेला सेल आणि पहिले दोन तास

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने, मराठवाड्याच्या गावोगावांहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची जी वस्ती वाढत गेली, तीच आजचे बजाजनगर. इथले घर पाळीच्या भोंग्यावर चालते. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला, आई चुलीपाशी किंवा स्वतःही कामावर गेलेली, आणि दोन खोल्यांच्या जागेत घरातली निम्मी चीजवस्त जमिनीपासून हातभर उंचीवर मांडलेली, अशा संसारात नुकते रांगू लागलेले मूल दिवसभरात काय काय तोंडात घालते, याचा हिशेब कितीही दक्ष मातेला ठेवता येणार नाही. त्यात तिचा दोष नाही. त्या वयाचे मूल वस्तूची पारख करते तेच मुळी जिभेने.

मुलाने नाणे गिळले की वडीलधारी मंडळी सांगतात, ‘घाबरू नका, केळी खाऊ घाला, दोन दिवसांत शौचावाटे पडून जाईल.’ हा सल्ला अगदीच निराधार नाही. पोटात उतरलेले नाणे बहुधा आपोआप बाहेर पडते. अन्ननलिकेत अडकलेले मात्र डॉक्टरांना दुर्बिणीतून काढावे लागते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरलेला हा धीराचा सल्लाच आज घातक ठरू लागला आहे, कारण नाण्याच्या आकाराची, नाण्यासारखीच चकाकणारी आणि गुणधर्माने सर्वस्वी निराळी अशी एक वस्तू गेल्या काही वर्षांत घराघरांत शिरली आहे.

ती वस्तू म्हणजे बटण सेल. वजनकाटा, मोटारीची किल्ली, छोटा रिमोट, दिवाळीतली विजेची पणती, उघडताच गाणारे शुभेच्छापत्र, या सर्वांच्या पोटात तो असतो. त्यातला सर्रास आढळणारा, पाठीवर ‘सीआर २०३२’ असा शिक्का असलेला सेल २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो; रुपयाचे नवे नाणेही २० मिलिमीटरचेच. मात्र या सेलमध्ये ३ व्होल्टचा दाब असतो. मुलाच्या ओल्या अन्ननलिकेत तो रुतला की त्याच्या दोन्ही बाजू मांसाला टेकतात, वर्तुळ पूर्ण होते आणि विजेचा प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहाने ऋण बाजूपाशी तीव्र क्षार तयार होतो आणि तो क्षार मांस जाळतो. सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. मटणाच्या ओलसर तुकड्यावर असा सेल ठेवून पाहिला, तर थोड्याच वेळात कडेने फेस येऊ लागतो आणि पुढे त्याखालचे मांस काळे पडते. जिवंत अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. रिमोट चालवण्याइतकाही जोर न उरलेला, ‘संपला’ म्हणून काढून टाकलेला सेलही हे करू शकतो. अन्ननलिकेला लागूनच श्वासनलिका आणि हृदयाकडून निघालेली महारोहिणी असते. जखम त्यांच्यापर्यंत पोहोचली, तर सेल काढल्यानंतर कित्येक दिवसांनीही अकस्मात रक्तस्राव होऊन मूल दगावू शकते.

आणि लक्षणे किती फसवी! लाळ गळते, मूल खात नाही, खोकते, ओकते. कधी तर काहीच होत नाही. कोणी गिळताना पाहिले नसेल, तर सर्दी-पडशाचे औषध घेण्यातच अमूल्य वेळ निघून जातो. एक्स-रेमध्ये समोरून पाहता नाण्याची एकसंध चकती दिसते, सेलच्या कडेला मात्र दुहेरी वर्तुळ दिसते. म्हणून ‘नाणेच असेल’ असा निवाडा घरी करू नये. गिळलेली वस्तू सेल असल्याचा संशय जरी आला, तरी केळी नको, वाट पाहणे नको, आणि घशात बोटे घालून ओकारी काढणे तर मुळीच नको.

बजाजनगरहून घाटी रुग्णालय गाठायचे म्हणजे धाकट्या पंढरपुरावरून, छावणीवरून जावे लागते, आणि पाळी सुटण्याच्या वेळी नगर रस्त्यावर वाहन हलत नाही. म्हणून १०८ ला ताबडतोब फोन करावा, किंवा जे वाहन हाताशी असेल त्याने निघावे. मूल एक वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेतच दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, असे जास्तीत जास्त सहा वेळा द्यावे. दाट मधाचा थर क्षाराचा मारा काहीसा बोथट करतो. एक वर्षाखालील बाळाला मध कदापि देऊ नये. मध घरात नसेल तर तो शोधण्यासाठी क्षणभरही थांबू नये, आणि मधाखेरीज दुसरे काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण पुढे भूल द्यावी लागते. त्याच जातीचा सेल किंवा त्याचे वेष्टन सापडले, तर सोबत घ्यावे.

अन्य वस्तूंचेही थोडक्यात सांगतो. दोन शक्तिमान लोहचुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचून मधले आतडे चिरडतात. शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल फुफ्फुसात उतरते. तिथेही ओकारी काढणे घातकच. शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी यांचे भय श्वासनलिकेचे: मूल गुदमरून रडू-खोकू शकत नसेल, तर वर्षाखालील बाळाला पालथे धरून पाठीवर पाच थापा आणि मग छातीवर पाच दाब, असे आलटून पालटून करीत राहावे.

अमेरिकेतील शल्यवैद्य शेव्हालिए जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशातून व श्वासमार्गातून काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. मला मात्र त्या संग्रहाहून त्यांचे दुसरे कार्य थोर वाटते. कॉस्टिक सोडा प्यायल्याने अन्ननलिका आक्रसलेली मुले वारंवार पाहून त्यांनी चळवळ आरंभली आणि अशा डब्यांवर विषाची सूचना छापण्याची सक्ती करणारा कायदा १९२७ साली संमत करवून घेतला. त्याच देशात बटण सेल गिळून दगावलेल्या एका मुलीच्या नावाने २०२२ साली ‘रीज कायदा’ झाला. ग्राहकांच्या वस्तूंतली सेलची खोबण मुलाला उघडता येऊ नये, हा त्याचा दंडक. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची मोहर सक्तीची आहे, पण तो हुकूम खेळण्यांपुरता. मुलाच्या हाती लागणारा वजनकाटा किंवा पणती त्या कक्षेबाहेर आहे. खेळण्यातल्या सेलच्या झाकणाला लागणारा स्क्रू त्यांच्या झाकणालाही लावण्याची तजवीज सरकारने आता विनाविलंब केली पाहिजे.

तोवर ती तजवीज घरातच करावी लागेल: झाकण नखाने उघडत असेल तर त्यावर चिकटपट्टी, नवे सेल कुलपात, आणि जुना सेल काढल्याबरोबर, फळीवर किंवा कचऱ्यात न टाकता, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत उंचावर, जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात पोहोचेपर्यंत.